रंगो बापूजी : साताऱ्याच्या छत्रपतींचे विलायतेतील वकील

वकील हा शब्द कानी पडताच आमच्या खेड्यांतील वाचकांच्या डोळ्यांपुढे भंडाऱ्याच्या कचेरीच्या आवारात काळा डगला घालून फिरणारा गृहस्थ उभा राहतो. परंतु जुन्या मराठी राज्यांत ह्या शब्दाचा अर्थ निराळा होता. एका राजाने दुसऱ्याच्या दरबारी आपला विश्वासू माणूस ठेवावा, त्याने तेथील बातमी कळवावी, धन्याचे म्हणणे तेथे मांडावे, तह घडवून आणावा व तंटा पडल्यास मिटवावा, अशा माणसास वकील म्हणत. आज ज्यास राजदूत म्हणतात तोच हा. नागपूरकर भोसल्यांचे वकील पुण्यास, हैदराबादेस व कलकत्त्यास राहत असत. पेशव्यांचे वकील दिल्लीस असत. ह्या सर्वांस आपले वजन धन्याच्या फौजेमुळे मिळे. ज्याच्या धन्यापाशी फौज नव्हती, खजिना नव्हता, शेवटी गादीही उरली नाही, अशा एका वकिलाचे चरित्र आज आम्ही वाचकांस सादर करीत आहोत. त्यांचे नाव रंगो बापूजी गुप्ते.

रंगो बापूजी हे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू जातीचे. त्यांचे घराणे रोहिडखोऱ्याच्या देशपांड्यांचे. शिवाजी महाराजांच्या आरंभीच्या सोबत्यांत दादाजी नरसप्रभू म्हणून जे देशपांडे होते, त्यांच्याच वंशातले हे. कायस्थ प्रभूंच्या घरांत लेखणी व तलवार दोन्ही असत. परंतु रंगो बापूजींच्या हाती बहुतेक आयुष्यभर लेखणीच राहिली. छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या पदरी ते होते, आणि महाराजांवर संकट आले तेव्हा परदेशी जाऊन ते निवारण्याचे काम त्यांच्यावर आले. ते संकट काय होते हे सांगितल्यावाचून पुढील हकीकत समजावयाची नाही.

प्रतापसिंह महाराजांचा जन्म १७९३ साली झाला व १८०८ साली ते गादीवर आले. गादी होती, पण सत्ता नव्हती. सर्व कारभार पेशव्यांच्या हाती, आणि छत्रपती आपल्याच किल्ल्यात बंदिवानासारखे. १८१८ च्या फेब्रुवारीत आष्टीच्या लढाईत पेशव्यांचा सेनापती बापू गोखले पडला व महाराज इंग्रजांच्या हाती आले. एल्फिन्स्टनसाहेबाने त्यांस साताऱ्यास आणून पुन्हा राज्यावर बसविले. २५ सप्टेंबर १८१९ रोजी तहनामा झाला. पश्चिमेस सह्याद्रीपासून पूर्वेस पंढरपूर व विजापुराकडपर्यंतचा मुलूख महाराजांस मिळाला. मात्र त्या तहनाम्यात एक कलम असे होते की, कंपनी सरकारच्या रेसिडेंटावाचून महाराजांनी कोणाही बाहेरच्या राजाशी किंवा सरदाराशी पत्रव्यवहार करू नये. हे कलम वाचकांनी ध्यानात ठेवावे.

महाराजांनी राज्य चांगले केले, ह्याविषयी त्यांच्या शत्रूंचेही दुमत नव्हते. त्यांनी सातारा शहरास पाणी आणले, शाळा घातली, शिळाछापखाना काढला, महाबळेश्वरापर्यंत सडक बांधली. पहिला रेसिडेंट कॅप्टन ग्रँट, ज्याने पुढे ग्रँट डफ ह्या नावाने मराठ्यांची बखर लिहिली, तो व त्याच्यामागून आलेला ब्रिग्जसाहेब हे दोघेही महाराजांस मानीत असत. १८३५ साली लंडनच्या डायरेक्टरांनी महाराजांच्या उत्तम कारभाराबद्दल प्रशंसेचे पत्र व एक रत्नजडित तलवार पाठविण्याचे ठरविले. ती तलवार मुंबईपर्यंत आली. महाराजांच्या हाती मात्र कधीच पडली नाही.

ह्याचे कारण असे की, मधल्या काळात महाराजांचे मुंबई सरकाराशी बिनसले होते. औंधचे पंतप्रतिनिधी, भोरचे पंतसचिव, फलटण, जत व अक्कलकोट येथील संस्थानिक हे कोणाच्या ताब्यात, छत्रपतींच्या की कंपनीच्या, हा वाद पडला. महाराज तहनाम्यावर बोट ठेवून आपला हक्क सांगत होते. लंडनचे डायरेक्टर बरेचसे त्यांच्या बाजूस झुकले होते, पण त्यांचा कौल मुंबईस अडकून पडला. अशा वेळी, १८३६ साली, महाराजांवर आरोप आला की, त्यांनी कंपनीच्या २३ व्या पलटणीतील देशी अंमलदारांस फितविण्याचा यत्न केला. त्यास पुढे आणखी दोन आरोप जोडण्यात आले. एक, गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराशी मसलत केल्याचा. आणि दुसरा, नागपूरचे पदच्युत राजे आप्पासाहेब भोसले ह्यांच्याशी पत्रव्यवहार केल्याचा.

हा शेवटचा आरोप वाचून आमच्या जिल्ह्यातील वाचकांचे कान टवकारतील. आप्पासाहेब भोसले हे आमच्याच मुलुखाचे राजे होते. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली. पुढच्या वर्षी इंग्रजांनी त्यांस कैद केले, तेव्हा ते वाटेत पहारेकऱ्यांस चकवून निसटले. त्यांच्या नावाने त्याच १८१८ साली कामठ्याचे जमीनदार चिमणा पटेल ह्यांनी बंड केले व इंग्रजांस कामठ्यावर फौज पाठवावी लागली. कामठा तेव्हापासून १९९९ पर्यंत भंडाऱ्याच्या पोटात होता, आता तो गोंदिया जिल्ह्यात मोडतो. आप्पासाहेब फिरत फिरत शेवटी जोधपूरच्या राजाच्या आश्रयास गेले व तेथेच १८४० साली वारले. ज्याच्यापाशी स्वतःचे घोडे उरले नव्हते अशा माणसाशी सातारकरांनी कोणती मसलत केली असेल, हे समजणे कठीण आहे. परंतु तहनाम्यातील ते कलम होते, आणि आरोप सिद्ध करण्यास एक चिठीही पुरे होती.

चौकशीसाठी तिघा साहेबांचे एक गुप्त मंडळ नेमण्यात आले. महाराजांनी पुन्हा पुन्हा मागणी केली की, मजवरील पुरावा मजपुढे ठेवा, साक्षीदार मजसमोर आणा. ती मान्य झाली नाही. शेवटी १८३९ च्या ऑगस्टात मुंबईचा नवा गव्हर्नर सर जेम्स कार्नाक हा स्वतः साताऱ्यास आला. त्याचा उद्देश, आमच्या मते, क्रूर नव्हता. हे प्रकरण गोडीने मिटवावे असेच त्याच्या मनात होते. त्याने एक कागद पुढे ठेवला. महाराजांनी तह मोडल्याचे त्यावर कबूल करावे, पुढे नीट वागण्याचे वचन द्यावे, आणखी काही अटी मानाव्यात, म्हणजे मागील सर्व माफ होऊन राज्य कायम राहील. महाराजांनी सही करण्याचे नाकारले. जे आपण केलेच नाही ते केले असे लिहून देणे त्यांस शक्य नव्हते.

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. आमच्या खेड्यांत कागदावर अंगठा उठविणे ही किती सोपी गोष्ट समजली जाते, हे आम्ही नित्य पाहतो. सावकार म्हणतो म्हणून, पटवारी म्हणतो म्हणून, पुढचे पुढे पाहू असे म्हणून माणसे न वाचलेल्या कागदावर अंगठा देतात. येथे एका माणसापुढे त्याचे सबंध राज्य एका सहीवर टांगलेले होते, आणि कागदात काय आहे हे त्यास पूर्ण ठाऊक होते.

सही झाली नाही. ५ सप्टेंबर १८३९ च्या पहाटे रेसिडेंट ओव्हान्स हा शिपाई घेऊन वाड्यात गेला व महाराजांस पालखीत घालून शहराबाहेर नेण्यात आले. महाराजांनी आपल्या शिपायांस आधीच ताकीद दिली होती की, कोणी हत्यार उचलू नये. त्यामुळे रक्त सांडले नाही. त्यांचे धाकटे बंधू आप्पासाहेब ऊर्फ शहाजी ह्यांस गादीवर बसविण्यात आले. महाराजांस काशीस पाठविले. त्या लांबच्या प्रवासात त्यांचे चुलतबंधू बाळासाहेब सेनापती वाटेतच मरण पावले.

ह्याच सुमारास, १८३९ सालीच, महाराजांनी रंगो बापूजींस विलायतेस पाठविले. त्यांच्याआधी मीर अफजलअली नावाचे एक मुसलमान गृहस्थ ह्याच कामी पुढे गेलेले होते. हे धाडस केवढे होते हे आजच्या वाचकांस सहज कळावयाचे नाही. सुएझचा कालवा १८६९ साली उघडला. तोपर्यंत एक तर आफ्रिकेस वळसा घालून काही महिने जहाजात काढावे लागत, नाहीतर मिसर देशापर्यंत समुद्राने जाऊन मधले वाळवंट जमिनीवरून ओलांडावे लागे व पुन्हा जहाज गाठावे लागे. शिवाय उच्चवर्णीय हिंदूस समुद्रापार जाणे म्हणजे जातीस मुकण्याचे भय. खाण्यापिण्याचा विधिनिषेध, थंडी, परकी भाषा, हे सर्व निराळेच. रंगो बापूजी गेले ते वर्षा दोन वर्षांत परत येऊ अशाच आशेने गेले असतील. त्यांचा तेथील मुक्काम सुमारे चवदा वर्षे झाला.

लंडनात लेडनहॉल नावाच्या रस्त्यावर कंपनीची मोठी कचेरी होती. तेथे चोवीस डायरेक्टर बसत. रंगो बापूजी आपल्या धन्याचे अधिकारपत्र घेऊन तेथे गेले, तेव्हा त्यांस उत्तर मिळाले की, आम्ही हिंदुस्थानातील राजांचे वकील येथे स्वीकारीत नाही. जे काही सांगावयाचे असेल ते मुंबई सरकारच्या मार्फत यावे. वाचकहो, ह्या उत्तराचा अर्थ पाहा. गाऱ्हाणे मुंबई सरकारविरुद्ध, आणि ते मुंबई सरकारच्याच हातून यावे! पटवाऱ्याविरुद्धचा अर्ज पटवाऱ्याच्याच दप्तरातून तहसिलीत पोहोचावा, असा अनुभव ज्यांस आला असेल त्यांस ह्याचा विस्तार करून सांगावयास नको.

दुसरा एखादा वकील असता तर पुढच्या जहाजाने परतला असता, आणि त्यास कोणी दोषही दिला नसता. रंगो बापूजींनी तसे केले नाही. समोरचा दरवाजा बंद आहे असे पाहताच त्यांनी ह्या घरास आणखी कोठे वाट आहे काय हे शोधावयास आरंभ केला, आणि वाट होती. ईस्ट इंडिया कंपनी हे काही एका राजाचे राज्य नव्हते. ती व्यापाऱ्यांची मंडळी होती. जे कोणी तिच्यात पैसा गुंतवीत ते तिचे भागीदार. ज्या भागीदाराचे ५०० पौंड कंपनीत असतील त्यास भागीदारांच्या सभेत बसून बोलता येई. ज्याचे १००० पौंड असतील त्यास मतही देता येई. ही सभा डायरेक्टरांस जाब विचारू शकत असे व दप्तरातील कागद मागू शकत असे. वकिलास ह्या सभेत बोलण्याचा अधिकार नव्हता. पण वकिलाचे म्हणणे ज्या भागीदारास पटले त्यास तो होता. कंपनीच्या वर राजाचे नियामक मंडळ होते आणि त्याच्याही वर पार्लमेंट. तेथेही तीच रीत. स्वतः बोलता येत नाही, तर बोलणारा मिळवावयाचा.

येथून पुढे रंगो बापूजींची वकिली निराळ्याच प्रकारची झाली. दरबारात मुजरा करून गोड भाषण करण्याचे काम संपले. कागद जमविणे, त्यांचे इंग्रजी भाषांतर करविणे, ते छापणे, भागीदारांच्या घरी जाऊन एकेकास समजावून देणे, उत्तर आले नाही तर पुन्हा लिहिणे, हे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. सर जॉन हॉबहाउस हा नियामक मंडळाचा अध्यक्ष होता. त्यास उद्देशून लिहिलेली त्यांची पत्रे छापून लोकांत वाटली गेली. कधी कधी ह्या छापील कागदांचा पूर इतका येई की मित्रही कंटाळले असावेत. परंतु ज्याच्यापाशी दुसरे हत्यार नाही त्यास पुनरुक्तीचा दोष कोण देईल?

त्यांस मित्र मिळाले, आणि ते कोण होते हे पाहण्यासारखे आहे. पहिले ब्रिग्जसाहेब. हे एकेकाळी साताऱ्याचे रेसिडेंट होते, महाराजांस डोळ्यांनी पाहिलेले. तेच आता भागीदारांच्या सभेत उभे राहून महाराजांच्या बाजूने बोलू लागले. दुसरे जॉन सलिव्हन, मद्रास इलाख्यातील जुने कामगार, ज्यांनी उटकमंड वसविले. पार्लमेंटात जोसेफ ह्यूम ह्यांनी हे प्रकरण काढले. परंतु सर्वांत मोठा आधार झाला तो जॉर्ज थॉम्सन ह्यांचा.

थॉम्सनसाहेबांचा हिंदुस्थानाशी जन्माने किंवा नोकरीने काही संबंध नव्हता. ते लिव्हरपूलचे, १८०४ साली जन्मलेले, गुलामगिरी बंद व्हावी म्हणून गावोगाव व्याख्याने देणारे. वेस्ट इंडीज बेटांतील सुमारे आठ लक्ष गुलामांस मोकळे करण्याचा कायदा १८३३ साली पार्लमेंटाने केला, त्यामागे जी चळवळ होती तिचे ते एक मोठे वक्ते. पुढे ते अमेरिकेत गेले, तेव्हा तेथील गुलामांच्या धन्यांच्या पक्षाने त्यांच्यावर जमाव घातला व जीव वाचवून त्यांस निघावे लागले. त्या काळी इंग्लंडातील देवभिरू लोकांपैकी पुष्कळजण ह्या चळवळीत होते, आणि गुलामांचा प्रश्न सुटल्यावर त्यांच्यातील काहींची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. १८३९ साली लंडनात हिंदुस्थानच्या हितासाठी ब्रिटिश इंडिया सोसायटी निघाली, तिच्यात थॉम्सन होते. बरोबर ह्याच वेळी रंगो बापूजी तेथे पोहोचावेत हा मोठा योगच. थॉम्सन ह्यांनी भागीदारांच्या सभेत साताऱ्याच्या बाजूने लांबलांब भाषणे केली. १८४७ साली ते पार्लमेंटात निवडून गेले, तेथेही त्यांनी हा विषय सोडला नाही. मध्यंतरी द्वारकानाथ ठाकूर ह्यांच्याबरोबर ते कलकत्त्यासही येऊन गेले.

महाराष्ट्रातील एक देशपांडे आणि लिव्हरपूलचा एक व्याख्याता, ह्या दोघांस एकत्र आणणारे दुसरे काहीच नव्हते. भाषा निराळी, धर्म निराळा, वेष निराळा. ज्यास ऐकून घेतल्यावाचून शिक्षा झाली त्यास एकदा ऐकून घ्या, एवढीच गोष्ट दोघांस समान होती. आम्हांस वाटते की रंगो बापूजींचे चातुर्य येथेच दिसते. महाराज निर्दोष आहेत असे आधी माना, असा आग्रह त्यांनी परक्या लोकांपुढे धरला नाही. त्यांनी मागितली ती उघड चौकशी. महाराज दोषी ठरले तर कंपनीने करावे ते करावे. पण पुरावा उजेडात येऊ द्या. न्यायावर विश्वास असल्याचे सांगणाऱ्या इंग्रज माणसास ह्या मागणीपुढे नाही म्हणणे जड जाई.

पुरावा उजेडात येऊ लागला तेव्हा तो कसा होता हेही दिसू लागले. एकच उदाहरण देतो. महाराजांचे दिवाण गोविंदराव कैदेत असताना त्यांची आई गिरजाबाई हिच्या नावाचा एक अर्ज सरकारात आला होता, व त्यात महाराजांविरुद्ध मजकूर होता. त्या अर्जावर सरकारने बराच भर ठेविला. पुढे निघाले ते असे की, तो अर्ज त्या बाईचा नव्हताच. कृष्णाजी सदाशिव भिडे नावाच्या माणसाने तो लिहिला होता, आणि त्याने तसे सांगितलेही होते. काशीस महाराजांवर देखरेख करणारा मेजर कार्पेंटर हा इंग्रज अंमलदारदेखील महाराजांच्या निर्दोषपणाविषयी वर लिहू लागला. अशा एकेक गोष्टी रंगो बापूजी हातात घेत व छापून काढीत.

भागीदारांच्या सभेत मात्र मते मोजली की बहुमत डायरेक्टरांच्याच बाजूने पडे. एकदा नव्हे, वारंवार. तरीही ह्या वादापायी साताऱ्याचे कागद मोठमोठ्या ग्रंथांच्या रूपाने छापले गेले. जी चौकशी बंद दाराआड झाली होती तिचे दप्तर इंग्लंडात कोणासही वाचता येऊ लागले. आज इतिहासकार ह्या प्रकरणाविषयी जे लिहितात, त्याचा पुष्कळसा आधार त्याच छापील कागदांत आहे.

इकडे पैशाची ओढ होती. महाराजांचा खजिना जप्त झालेला. काशीस जे नेमणुकीचे मिळे त्यातून लंडनचा खर्च कसा चालावा? भाड्याचे घर, छापखान्याची बिले, भाषांतर करणारांचे मोल, सर्व रोखीचे. रंगो बापूजींस कर्ज झाले, ते वाढत गेले. घरी साताऱ्यास बायकामुले होती. पत्र जाऊन उत्तर येण्यास चार महिने आणि अधिकही लागत.

१४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंह महाराज काशीस वारले. त्यांनी हद्दपारीत एक मुलगा दत्तक घेतला होता, बाळासाहेब सेनापतींचा. त्याचे नाव शाहू ठेविले. पुढल्याच वर्षी, ५ एप्रिल १८४८ रोजी, साताऱ्यास गादीवर असलेले शहाजी महाराजही वारले. त्यांनीही मरणसमयी एक मुलगा दत्तक घेतला होता. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी ह्याने ठरविले की, औरस पुत्र नाही, दत्तकास आमची संमती नाही, तेव्हा राज्य कंपनीचे. मुंबईचा त्या वेळचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क ह्याने विरुद्ध मत दिले, ते चालले नाही. लंडनच्या डायरेक्टरांनी १८४९ च्या जानेवारीत मंजुरी दिली व सातारा खालसा झाले.

आता रंगो बापूजींची स्थिती काय झाली ती मनात आणावी. गेली आठ नऊ वर्षे जो धनी जिवंत होता तोवर वकिलीस अर्थ होता. धनी गेला. ज्या गादीवर त्यास परत बसवावयाचे ती गादीच मोडून गेली. वकील तेवढा लंडनात उरला, डोक्यावर कर्ज, आणि वय उतारास लागलेले. घरी परतण्यास ह्याहून चांगले निमित्त मिळणार नव्हते. पण काशीस महाराजांच्या राण्या होत्या, कन्या गोजराबाई होती, दत्तक शाहू लहान होता. त्यांच्या वतीने ते आणखी पाच वर्षे तेथेच राहिले. आम्हांस सर्वांत आदर वाटतो तो ह्या पाच वर्षांविषयी, कारण त्यांत लौकिकाची काही आशाच नव्हती.

एक शेवटची संधी मात्र होती. कंपनीची सनद वीस वर्षांची असे, आणि ती १८५३ साली संपत होती. सनद पुन्हा द्यावी की न द्यावी ह्यावर पार्लमेंटात वाद होणार, तेव्हा हिंदुस्थानच्या गाऱ्हाण्यांस तोंड फुटणार, हे उघड होते. जॉन सलिव्हन ह्यांनी त्याच वर्षी तहांच्या पालनाविषयी एक पुस्तक लिहून संस्थानिकांची बाजू मांडली. वाद झाला, ऑगस्टात कायदा झाला, आणि कंपनीचा कारभार थोड्याफार फेरफाराने तसाच पुढे चालू राहिला. साताऱ्याविषयी काही झाले नाही. रंगो बापूजींनी तेव्हा परतण्याचा निश्चय केला. कर्ज फेडल्यावाचून निघणे शक्य नव्हते. अखेर ज्या कंपनीशी ते चवदा वर्षे झगडले तिनेच त्यांच्या देण्याची व परत जाण्याची सोय केली. तिला ह्या माणसाचे जाणे एवढे हवेसे झाले होते! १८५३ च्या डिसेंबरात त्यांनी लंडन सोडले.

त्याच डिसेंबरच्या ११ तारखेस इकडे नागपुरास तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले. साताऱ्यास जो नियम लावला तोच येथे लागला; मार्च १८५४ त नागपूरचे राज्य खालसा झाले, आणि वैनगंगेकाठचा आमचा मुलूखही त्याबरोबर कंपनीच्या अमलाखाली गेला. वाड्यातील हत्ती, घोडे व जडजवाहीर लिलावास निघाले. राण्यांनी अर्ज केले. त्या अर्जांचे पुढे काय होणार हे सांगण्यास त्या वेळी रंगो बापूजींहून अधिक माहितगार माणूस सबंध हिंदुस्थानात नव्हता.

ते साताऱ्यास आले. महाराजांच्या राण्या व शाहू हेही साताऱ्यास येऊन राहिले होते. १८५७ च्या मे महिन्यात मीरतेस शिपायांचे बंड सुरू झाले, आणि जूनमध्ये साताऱ्यास पलटणीतील लोकांस चिथविल्याबद्दल एका शिपायास फाशी झाली. ३१ जुलै रोजी कोल्हापुरास २७ वी पलटण उठली. सरकारचे म्हणणे असे पडले की, साताऱ्याच्या कटाच्या मुळाशी रंगो बापूजी आहेत. त्यांनी डोंगरी मुलुखात माणसे जमविली, खजिना लुटून व तुरुंग फोडून शाहूस गादीवर बसविण्याचा त्यांचा बेत होता. ज्या माणसाने चवदा वर्षे कागदाशिवाय दुसरे हत्यार हाती धरले नाही त्याच्यावर हा आरोप आला. तलवारीच्या मार्गाची प्रशंसा आम्ही करीत नाही. पण सरळ मार्गाने दाद मागणाऱ्यास कंपनीने चवदा वर्षे दारात उभे केले, ही गोष्टही ह्या हिशेबात धरली पाहिजे.

पोलिस धरावयास गेले तो रंगो बापूजी निघून गेलेले होते. त्यांचा मुलगा सीताराम सापडला. ऑगस्टात राण्यांस व शाहूस साताऱ्याहून काढून मुंबईजवळच्या बेटावर व तेथून पुढे कराचीस नेण्यात आले. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्यास गेंडामाळावर सतरा माणसांस देहान्त शासन झाले. पाचांस फाशी दिले, सहांस बंदुकांनी मारले, सहांस तोफेच्या तोंडी दिले. त्यांत सीताराम रंगो हा होता. बाप विलायतेस गेला तेव्हा त्यास मागे सोडून गेला होता. परत आल्यावर बापलेकांस तीन साडेतीन वर्षांचाच सहवास मिळाला.

रंगो बापूजींस पकडून देणारास सरकारने बक्षीस जाहीर केले. ठिकठिकाणी शोध झाला. त्यांची माहिती देणारा कोणी पुढे आला नाही, आणि ते स्वतः पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडले नाहीत. त्यांस मृत्यू कोठे व केव्हा आला ह्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही; साताऱ्यास चार भिंती म्हणून जी जागा आहे तेथे त्यांच्या नावाचे स्मारक आहे.